फळीपासून धनुष्यापर्यंत : संयमी संस्कारांचा धडा

आदरणीय प्रेषित इब्राहीम (अ.स.) दीर्घ काळानंतर मक्केस आले, तेव्हा त्यांचे पुत्र प्रेषित इस्माईल (अ.स.) जमजमजवळ एका मोठ्या झाडाखाली बसून आपले बाण तासत होते. पित्याला पाहताच ते उठले आणि दोघे पिता-पुत्र जसे भेटावेत तसे भेटले. त्यानंतर पित्याने सांगितले की, अल्लाहने मला एका कार्याची आज्ञा दिली आहे आणि त्यात मला तुझे साहाय्य हवे आहे. ते कार्य म्हणजे काबागृहाची उभारणी. आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनातून हा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे.

प्रिय वाचकहो, या प्रसंगातील एका लहानशा तपशिलाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या हातांनी काबागृहाच्या भिंतीसाठी दगड आणून दिले, ते हात काही वेळापूर्वी लाकूड तासत होते. प्रेषितांच्या हातांना श्रमांची लाज नव्हती. प्रेषित नूह (अ.स.) यांनी अल्लाहच्या देखरेखीखाली नौका बांधली. प्रेषित दाऊद (अ.स.) यांना चिलखते बनविण्याची कला शिकविण्यात आली आणि सूरह सबामध्ये त्यांना कड्यांचे माप योग्य राखण्याची सूचनाही देण्यात आली. कडी किती मोठी आणि किती लहान असावी, याची दखल दिव्य कुरआनने घ्यावी, यातच हस्तकौशल्याचा केवढा सन्मान आहे!

तिरंदाजीलाही आपल्या परंपरेत असाच सन्मान लाभला आहे. आदरणीय उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्या एका कथनाचा आशय असा की, अल्लाह एका बाणामुळे तीन व्यक्तींना स्वर्गात दाखल करतो : भल्या हेतूने तो बनविणारा, तो सोडणारा आणि सोडणाऱ्याच्या हाती तो देणारा. ती शिकवण मदीनेच्या संरक्षणाच्या काळातील आहे. आज आपल्यासाठी तिरंदाजी हा एक खेळ आहे, एक व्यायाम आहे आणि एकाग्रतेचा अभ्यास आहे. परंतु त्या शिकवणीतील क्रम लक्षात घ्या. तिघांमध्ये सर्वप्रथम उल्लेख आहे तो कारागिराचा आणि त्याच्या हेतूचा.

तेव्हा आज आपण एका कारागिराकडेच पाहू या. तोही निष्णात नव्हे, तर नवशिका. बाजारातून आणलेल्या एका साध्या फळीपासून जो आयुष्यातील पहिले धनुष्य घडवू इच्छितो, त्याला लाकूड जे शिकविते, तेच आपल्याला स्वतःच्या मनावर आणि आपल्या मुलाबाळांवर संस्कार करताना उपयोगी पडणारे आहे.

फळीची पारख

आपल्याकडे नवशिक्याच्या हाती बहुधा बांबूचे धनुष्य येते. अमेरिकेत मात्र हौशी कारागिरांमध्ये फळीपासून धनुष्य बनविण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. लाकडाच्या दुकानात मिळणारी ओक, हिकरी, अ‍ॅश किंवा मॅपल या झाडांची सुमारे सहा फूट लांब, दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड फळी त्यासाठी घेतात.

जाणता कारागीर दुकानात हाती लागेल ती फळी उचलत नाही. तो एकेक फळी उजेडात धरून तिच्या रेघा पाहतो. या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन त्या कडेबाहेर निघत असतील, तर धनुष्य ताणले जाताच त्याच जागी लाकूड उकलते. गाठ असलेली फळी तो बाजूला ठेवतो. कित्येकदा पन्नास फळ्या चाळून त्याला एकही मनासारखी मिळत नाही. तेव्हा तो रिकाम्या हाताने परततो, कारण फळीतच दोष असेल तर पुढील सारी मेहनत वाया जाणार, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या कर्मांमध्ये या रेघांचे स्थान हेतूला आहे. कर्मांचे मोल हेतूवर अवलंबून असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो. इमाम बुखारी यांनी आपल्या ग्रंथाचा आरंभच तिने केला. हेतूची रेघ मध्येच लोकांच्या कौतुकाकडे वळली, तर बाहेरून कर्म कितीही गुळगुळीत दिसो, ताण पडताच ते त्याच ठिकाणी उकलते. म्हणून उपासना असो की मुलांना शिकविणे असो, आरंभापूर्वी आपण ही रेघ उजेडात धरून पाहिली पाहिजे. मूल दीनदार व्हावे, ही इच्छा अल्लाहसाठी आहे की नातेवाइकांमध्ये आपले नाव व्हावे म्हणून आहे?

घाई येथे चालत नाही

फळी निवडल्यावर आकार देण्याचे काम सुरू होते. बाण ताणण्याची लांबी 28 इंच असेल, तर नवशिक्याने धनुष्याची लांबी 66 ते 68 इंच ठेवावी, म्हणजे लाकडावर बेताचा ताण येतो. मध्यभागी मुठीची जागा जाड व ताठ राहू देतात. तिच्या दोन्ही बाजूंचे बाहू टोकांकडे निमुळते करीत नेतात, शेवटी ते जेमतेम अर्धा इंच रुंद उरतात. येथवरचे काम करवत, रंधा आणि कानस यांनी एका दिवसातही होते.

खरी परीक्षा त्यानंतर येते. आकार धनुष्याचा असला तरी ती अजून फळीच असते, कारण तिला वाकणे ठाऊक नसते. पूर्ण ताण देऊन ओढली, तर ती मोडते. म्हणून कारागीर प्रथम एक टोक जमिनीवर टेकवून मुठीशी हलका दाब देतो आणि बाहू कोठे वाकतो, कोठे ताठ राहतो ते पाहतो. मग टोकांच्या खाचांत लांब, सैल दोरी अडकवून धनुष्य एका खांबावर आडवे ठेवतो, दोरी थोडीशी खाली ओढतो आणि दूर उभे राहून दोन्ही बाहूंची कमान न्याहाळतो. ताठ दिसलेल्या जागेवर खडूने खूण करतो, तेथून थोडासा कीस काढतो आणि पुन्हा पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढतो. कारण नुकत्याच काढलेल्या किसाचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही. तो उमटायला ही हलकी ओढ लागते. वाक सारखा झाला, तरच ओढ एक इंचाने वाढवायची. सारखा नसेल, तर एक इंचही पुढे जायचे नाही.

नवशिक्यांची बहुसंख्य धनुष्ये याच टप्प्यावर मोडतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : कमान सारखी होण्याआधीच पूर्ण ताण किती बसतो ते पाहण्याचा मोह.

वाचकहो, अल्लाहने मानवाला वळण देताना कोणती पद्धत स्वीकारली, ते पाहा. दिव्य कुरआन एका रात्रीत पृथ्वीवर आणून लोकांच्या हाती देणे त्या सर्वशक्तिमानाला अशक्य नव्हते. तरीही त्याचे अवतरण सुमारे 23 वर्षे होत राहिले. श्रद्धावंतांची माता आदरणीय आयशा (रजि.) यांनी याचे मर्म उलगडले आहे. त्यांच्या कथनाचा आशय असा की, प्रथम स्वर्ग आणि नरक यांचा उल्लेख असलेल्या सूरह अवतरल्या. लोकांची मने इस्लामकडे वळून स्थिरावली, तेव्हा वैध-अवैधाच्या आज्ञा आल्या. पहिलीच आज्ञा मद्य सोडण्याची आली असती, तर आम्ही ते कधीच सोडणार नाही, असे लोक म्हणाले असते.

आदरणीय मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना प्रेषितांनी हाच क्रम घालून दिला. प्रथम एकेश्वरत्वाचे आवाहन, ते मान्य झाल्यावर पाच नमाज, तेही मान्य झाल्यावर जकात. प्रत्येक पायरीवर लोक किती वाकले ते पाहायचे आणि मगच पुढची पायरी सांगायची.

आपण मात्र स्वतःशी आणि इतरांशी कसे वागतो? रमजानच्या पवित्र महिन्यात एखाद्या तरुणाचे मन जागे होते. पहिल्याच आठवड्यात तो तहज्जुद, रोज कुरआनचा एक पारा, नफिल रोजे आणि दीर्घ जप असे सारे एकदम अंगावर घेतो. शव्वालचा महिना संपत नाही तोच फज्रची नमाजही सुटते. मग तो निराश होऊन म्हणतो की, हे माझ्याच्याने होणे नाही. वस्तुतः त्याच्या लाकडात दोष नव्हता. त्याने पूर्ण ताण आधी दिला आणि वाक जुळविण्याचे काम करायचे राहून गेले. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, ही प्रेषितांची शिकवण अशाच मनांना सांभाळण्यासाठी आहे. अशा तरुणाने उद्यापासून फक्त पाच नमाज वेळेवर अदा करण्याचा निश्चय करावा. ही कमान सारखी झाली की एक इंच पुढे जावे.

कमजोर जागेला हात लावू नये

वाक जुळविण्याचा दुसरा नियम असा की, कीस नेहमी ताठ जागेवरूनच काढायचा. बाहूचा एखादा भाग अधिक वाकत असेल, तर तो आधीच कमजोर आहे. त्याला मुळीच हात लावायचा नाही. त्याच्या आजूबाजूचा ताठपणा कमी करायचा, म्हणजे ताण वाटला जातो आणि कमजोर जागेवरचा भार हलका होतो. नवशिक्या मात्र नेमका दोष दिसणाऱ्या जागीच पुन्हा पुन्हा कानस चालवितो. तेथे बिजागरीसारखा खोलगा पडतो आणि एके दिवशी धनुष्य तेथेच दुमडते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, ही या कामातील सर्वांत कठोर अट आहे.

आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. एखादे मूल भित्रे असते. नेमके त्यालाच चारचौघांत भित्रा म्हटले जाते. एखाद्याचे पाठांतर कच्चे असते आणि मदरशात रोज त्याच्या पाठांतराचीच चेष्टा होते. जी जागा आधीच कमजोर, तिथलाच कीस आपण काढीत असतो. तोंडातून गेलेला अपमानाचा शब्दही तासलेल्या लाकडासारखाच असतो. नंतर कितीही जवळ घेतले, तरी तो परत घेता येत नाही.

प्रेषितांचा आदर्श पाहा. आदरणीय अनस (रजि.) बालवयात त्यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्यांचे कथन आहे की, या काळात प्रेषितांनी मला कधी साधे 'उफ्'देखील म्हटले नाही. केलेल्या गोष्टीबद्दल 'का केलीस' असे विचारले नाही आणि न केलेल्या गोष्टीबद्दल 'का केली नाहीस' असेही विचारले नाही. एकदा एक ग्रामीण अरब मस्जिदीतच लघवी करू लागला. लोक त्याच्यावर धावून जाऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना रोखले, त्याला उरकू दिले आणि त्या जागेवर पाण्याची बादली ओतायला सांगितले. त्या माणसाची कमजोर जागा होती ती त्याचे अज्ञान. ताठरपणा धावून जाणाऱ्यांमध्ये होता, आणि प्रेषितांनी तोच कमी केला. तुम्हाला सुलभता निर्माण करण्यासाठी पाठविले आहे, अडचणी निर्माण करण्यासाठी नव्हे, अशी समज त्यांनी आपल्याच साथीदारांना दिली.

म्हणून मुलाचा दोष दिसला की प्रथम त्याच्या भोवतालचा ताठपणा शोधावा. पित्याचा आवाज, घरातील सततची तुलना, शिक्षकाची छडी, आपली वाढती अपेक्षा यांतील काय कमी करता येईल? तेथला थोडा कीस निघाला की मुलावरचा भार आपोआप हलका होतो.

दोन बाहूंचा समतोल

धनुष्याला दोन बाहू असतात. एक फार ताठ आणि दुसरा फार मऊ राहिला, तर सारा ताण मऊ बाहूवर येतो आणि तोच आधी मोडतो. मधली मूठ मात्र वाकत नाही. ती स्थिर असते म्हणूनच दोन्ही बाहू आपापले काम करू शकतात.

श्रद्धावंताच्या जीवनातही एका बाजूला अल्लाहचे हक्क आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या दासांचे. मध्यभागी आहे ती न वाकणारी तौहीद. आदरणीय सलमान फारसी (रजि.) आपले बंधू आदरणीय अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा अबू दरदांच्या पत्नी साध्या, विस्कटलेल्या वेशात दिसल्या. पतीला संसारात रस उरला नाही, असे त्यांनी सांगितले. अबू दरदा दिवसा रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले. रात्री उठू लागताच झोपायला सांगितले. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी मात्र म्हणाले की, आता उठा, आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की, तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तसाच तुमच्या शरीराचा आणि तुमच्या कुटुंबीयांचाही आहे. ज्याचा जो हक्क, तो त्याला द्यावा. प्रेषितांना हे कळले, तेव्हा सलमान खरे बोलले, असा निर्वाळा त्यांनी दिला.

येथे उपासना मुळीच कमी लेखलेली नाही. रात्रीची नमाज झालीच. फक्त ताण दोन्ही बाहूंवर सारखा वाटला गेला. जो मस्जिदीच्या पहिल्या रांगेत असतो परंतु बहिणीचा वारसाहक्क देत नाही, त्याचा एक बाहू मोडण्याच्या बेतात आहे. जो सर्वांच्या मदतीला धावतो परंतु नमाजची वेळ विसरतो, त्याचीही अवस्था तीच आहे.

आदरणीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हकिगत अधिक हृदयस्पर्शी आहे. तारुण्याच्या उत्साहात त्यांनी रोज रोजा ठेवण्याचा निश्चय केला होता. प्रेषितांनी त्यांना महिन्यातून तीन रोजे सुचविले. आपल्यात याहून अधिक शक्ती आहे, असे ते म्हणत राहिले आणि अखेर एक दिवसाआड रोजा यावर गोष्ट थांबली. पुढे वार्धक्य आले, शरीर थकले. तेव्हा ते म्हणत की, प्रेषितांनी दिलेली सवलत मी स्वीकारली असती तर किती बरे झाले असते!

दोरी उतरविण्याचीही वेळ असते

तयार धनुष्याचे काही शिष्टाचार आहेत. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कारण जो जोर बाणाबरोबर जायचा तो लाकडातच उलटतो. लाकडात ओल शिरू नये म्हणून त्यावर तेल किंवा वार्निश लावायचे. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य बनवायचे नाही, कारण प्रेषितांनी तसे करण्यास मनाई केली आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाताना त्यांची टोके हातात धरायची, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. हीसुद्धा त्यांचीच आज्ञा आहे. आणि नेमबाजी संपली की दोरी उतरवून ठेवायची. लाकडी धनुष्य दिवस-रात्र ताणलेले राहिले, तर त्याला कायमचा बाक येतो आणि त्याचा जोर जातो.

आदरणीय हन्जला (रजि.) यांना एकदा वाटले की आपण दांभिक झालो. प्रेषितांच्या सहवासात स्वर्ग-नरक जणू डोळ्यांसमोर असतात आणि घरी पत्नी-मुलांत गेल्यावर बरेचसे विसरायला होते, हे त्यांचे दुःख होते. प्रेषितांनी त्यांना धीर दिला की, सदासर्वकाळ तशीच अवस्था राहिली असती, तर देवदूतांनी तुमच्याशी हस्तांदोलन केले असते. परंतु एक घटका ती असते आणि एक घटका ही. मुलांसोबत हसण्यात, पत्नीशी बोलण्यात, विश्रांती घेण्यात गेलेली वैध घटका ही ईमानाची हानी नव्हे. त्या वेळी फक्त दोरी उतरलेली असते.

नेम सरळ राहो

हे सारे केल्यावर नवशिक्याचे पहिले धनुष्य कसे होते? बहुधा ओबडधोबड. 25-30 पौंडांचा ताण, एक टोक किंचित वाकडे, मुठीवर कानशीचे ओरखडे. पण ते मोडत नाही आणि बाण सोडते. निष्णात कारागीर त्याला हसत नाही, कारण त्याचेही पहिले धनुष्य असेच होते. अस्लम कबिल्याचे लोक नेमबाजी करीत असताना प्रेषित तेथून गेले, तेव्हा त्यांनी या लोकांना इस्माईल (अ.स.) यांची संतती म्हणून संबोधले, तुमचे पूर्वज तिरंदाज होते याची आठवण करून दिली आणि स्वतः एका गटाच्या बाजूने उभे राहिले. दुसऱ्या गटाचे हात थांबले. ज्यांच्या बाजूला प्रेषित, त्यांच्याविरुद्ध बाण कसा सोडावा? ते पाहून त्यांनी सांगितले की, मी तुम्हा सर्वांबरोबर आहे. शिकणाऱ्याचा हात थांबू नये, याची त्यांना एवढी काळजी होती.

आदरणीय अली (रजि.) यांना त्यांनी एक प्रार्थना शिकविली. तीत अल्लाहकडे मार्गदर्शन आणि सरळपणा मागायचा, आणि मागताना मार्गदर्शन या शब्दासरशी वाट डोळ्यांसमोर आणायची व सरळपणा या शब्दासरशी बाणाचा सरळपणा आठवायचा. धर्म सुलभ आहे, जो त्यात कठोरपणा करील त्याच्यावर धर्मच वरचढ ठरेल, असे सांगणाऱ्या हदीसमध्येही हाच शब्द आला आहे. नेम सरळ धरा, आणि अचूक लागला नाही तरी लक्ष्याच्या जवळ राहा, असा तिचा आशय आहे. अल्लाह आपल्याकडून सरळ नेम मागतो. तेथवर जाण्यासाठी लागणारा वेळ तोच आपल्याला देतो.

तेव्हा वाचकहो, आज रात्री ईशाच्या नमाजनंतर थोडा वेळ स्वतःला खांबावरच्या धनुष्यासारखे दूर उभे राहून न्याहाळा. आपण कोठे ताठ आहोत? कोठे कमजोर आहोत? घरातील कोणत्या कमजोर जागेवर आपली कानस चालते आहे? एकाच ताठ जागेवर खडूची खूण करा आणि उद्या तेथून थोडासाच कीस काढा. उरलेले परवा.

हे अल्लाह! आमच्या हेतूंच्या रेघा सरळ ठेव. आमच्या ताठरपणाला नम्रता दे आणि आमच्या दुर्बलतेला आधार दे. आमच्या मुलांवर त्यांच्या शक्तीपलीकडचा भार टाकण्यापासून आम्हांला वाचव. आमच्या हातून तुझेही हक्क अदा होवोत आणि तुझ्या दासांचेही. आमचा नेम तुझ्या प्रसन्नतेवर स्थिर राहो. आमीन.